पाठमोरी परीक्षा

आबा मुरारच्या छावणीतून चालत शिपायांच्या लाइनीतल्या आमच्या खोलीवर आले, तो दिवस मला अजून आठवतो. त्याआधी मी त्यांना एवढं लांब चालताना पाहिलंच नव्हतं. ते घोडेस्वार होते. त्यांचे वडीलही घोडेस्वार होते, आणि त्यांचे आजोबा दख्खनेतून आले तेही घोड्यावरच, असं आमच्याकडे सांगत. संस्थान विलीन झालं, पुढे संस्थानची फौज देशाच्या फौजेत मिसळली. तरण्याताठ्या शिपायांना घेतलं. ज्यांची चाळिशी जवळ आलेली आणि गुडघा वाजायला लागलेला, त्यांच्या हातात एक कागद देऊन त्यांना मोकळं केलं. आबा त्या मोकळ्या झालेल्यांतले. त्यांची कुमेत रंगाची, तांबूस घोडी सरकारची होती, ती सरकारकडे राहिली. आबा खोगीर जमा करून, पायांत बूट आणि अंगात खाकी कोट घालून पायी आले, दारात बसले आणि आईला म्हणाले, "पाणी दे."

लाइनीतली खोली सोडावी लागली. आम्ही बिर्लानगरला गेलो. तिथे आबा गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाले. एक खोली, तिच्यापुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत आई आसपासच्या बायांची पोलकी शिवायची, हातानंच, मशीन नव्हतं. गव्हाची पोळी सणाला. एरवी बेझड. जव आणि हरभरा एकत्र दळलेलं ते पीठ लाटायला बसलं की कडा फाटतात. आई म्हणायची, "ही पोळी नाही गं, हा हिंदुस्थानचा नकाशा आहे." हसायचो आणि खायचो. शाळेच्या सगळ्या वर्षांत माझ्याकडे एका वेळी एकापेक्षा जास्त वही कधी नव्हती. पुढून हिंदी, मागून गणित, आणि मधल्या पानांत इंग्रजी. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं.

इंग्रजी मला आबांनी शिकवलं. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सही ते देवनागरीत करायचे, तीही एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं. पण त्यांच्या पलटणीत हुकूम इंग्रजीत होते आणि ते त्यांनी वीस वर्षं ऐकलेले होते. संध्याकाळी पाळी संपली की ते पडवीत कोट घालून उभे राहायचे आणि मला समोर उभं करायचे. माझ्या हातात इंग्रजीचं वाचनपुस्तक.

"टाचा जोड. हनुवटी वर. वाच."

मी वाचायची. आबांना शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. हुकूम कसा असतो? पहिला भाग लांबवायचा, म्हणजे घोडा आणि माणूस सावध होतात. शेवटचा तुकडा गोळी सुटल्यासारखा सोडायचा, म्हणजे सगळे एकदम हलतात. 'प्रिपेअर टूऽऽऽ... माउंट!' आबांनी आयुष्यात ऐकलेलं सगळं इंग्रजी असंच होतं. तेव्हा इंग्रजी असंच बोलतात, याबद्दल त्यांना शंका नव्हती, मग मलाही नव्हती.

"शेवट पाड!" ते ओरडायचे. "शेवट पडला नाही तर घोडं हलणार नाही."

मग मी शेवट पाडायची. गाय गवत खाते, एवढं साधं वाक्य असलं तरी 'ग्रास' असं पाडायची की शेजारची चाची चुलीपासून उठून यायची. ती भिंडकडची होती, जिभेची तिखट. म्हणायची, "काए बिटिया, फौज में भर्ती होबे जा रही है का?" आबा तिला गंभीरपणे सांगायचे, "चाची, इम्तिहान आहे तिचा." चाची म्हणायची, "इम्तिहान है कि लड़ाई?"

शाळेत मात्र माझं कौतुक व्हायचं. शाळा हिंदी माध्यमाची होती. इंग्रजी वाचताना बाकीच्या मुली तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या, माझं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. बक्षीससमारंभात पाहुण्यांसमोर मलाच वाचायला उभं केलं. मला वाटायचं, इंग्रजी आपल्याला आलं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा नवं राज्य नुकतंच झालेलं होतं. राजधानी भोपाळला गेली. आमच्याकडच्या कचेऱ्यांत सगळं हिंदीत चालायचं, पण नव्या राज्यात जी दुसरीकडची माणसं आली त्यांचे कागद इंग्रजीत असायचे. बाड्याच्या चौकातल्या पानवाल्यापासून दफ्तरातल्या बाबूपर्यंत सगळे एकच म्हणत, आता इंग्रजीवाचून गाडी हलायची नाही. कॉलेजात हिंदी शाळांतून येणाऱ्यांसाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा ठेवली होती: व्याकरण, लेखन, वाचून समजणं आणि मोठ्यानं वाचन. चारही भागांत पास झालं तर प्रवेश आणि फी माफ. एकात गेलं तर प्रवेश नाही, मात्र त्या एका भागाला पुन्हा एकच संधी, सहा आठवड्यांनी.

फी भरणं आमच्या घराला शक्यच नव्हतं, म्हणून सगळं त्या परीक्षेवर होतं. नाही जमलं तर गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात माझ्यासाठी जागा होती. तिथला मुकादम आबांच्या ओळखीचा. त्यानं जुलैपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. त्यात कमीपणा होता असं नाही. त्या खात्यातल्या बायांनी पोरं वाढवली, घरं चालवली. पण एकदा तिथे गेलं की तिथून कॉलेजात परत येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

तीन भागांत मी चांगल्या गुणांनी पास झाले. मोठ्यानं वाचन करायला एका खोलीत बोलावलं. टेबलामागे दोन परीक्षक. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानं वाचते म्हणाले. टाचा जोडल्या, हनुवटी वर केली आणि वाचलं. पहिल्या वाक्याच्या शेवटाला एका परीक्षकाच्या हातातली टाकदांडी खाली पडली. दुसरे हळूच म्हणाले, "धीरे, बेटी, धीरे." मला वाटलं सावकाश वाच म्हणताहेत, म्हणून मी पहिला भाग आणखी लांबवला. शेवट पाडायचं काही सोडलं नाही.

वाचनात मी नापास झाले.

घरी सांगितलं तेव्हा आबांचा विश्वास बसेना. "आवाज कमी पडला असेल," ते म्हणाले. आई पोलक्याचा दोरा तोडत म्हणाली, "आवाज कमी? अहो, तिचा आवाज किल्ल्यावर गेला असेल."

शाळेच्या मुख्य बहनजींनी मला एक पत्ता दिला. दौलतगंजात, कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, मुलींच्या दुसऱ्या शाळेत इंग्रजी शिकवतात, रविवारी अडलेल्या मुलींना तपासतात. तपासतात, शिकवत नाहीत, असं बहनजी दोनदा म्हणाल्या.

बाई आमच्याच भाषेच्या, पण दरबारी कामकाज सांभाळलेल्या घरातल्या. त्यांचं मराठी धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, आमचं लाइनीतलं, निम्मं हिंदी. मी जिना चढले तेव्हा तोंड उघडायचीच भीती वाटत होती. खोलीत एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, एक दाराजवळ. बाईंनी मला पुस्तकातलं एक पान दिलं आणि स्वतः भिंतीकडच्या खुर्चीवर पाठमोऱ्या बसल्या. मांडीवर पाटी.

"वाच. मी तुझ्याकडे बघणार नाही. तोंड बघितलं की अर्थ तोंडावरून कळतो. मला फक्त कान ठेवायचेत. जेवढं पोचेल तेवढं लिहीन."

"उभ्यानं वाचू का?"

"झोपून वाच, मला काय!"

मी वाचलं. पेन्सिलीचा आवाज येत होता, पण थांबून थांबून. संपल्यावर बाईंनी पाटी खांद्यावरून मागे, माझ्याकडे धरली. तिच्यावर सात शब्द होते. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द, बाकी कोरं.

"एवढंच पोचलं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं या सातांच्या धुराळ्यात गेलं."

मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हणाले, "शाळेत माझा पहिला नंबर होता वाचनात."

बाई वळल्या. पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिलं. जोडलेल्या टाचा पाहिल्या, हनुवटी पाहिली. "घरी फौजेतलं कोण आहे?"

"आबा. घोडेस्वार होते."

"त्यांनी शिकवलं?"

मी मान हलवली. आता या हसणार, असं मनाशी धरून मी उभी होते. हसल्या असत्या तर मी जिना उतरून थेट गिरणीत गेले असते, हे मी आजही खात्रीनं सांगते. बाई हसल्या नाहीत. पाटी पुसत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी त्यांना घेऊन ये."

"आणि माझ्या बाकीच्या चुका?"

"एका रविवारी एकच चूक. बाकीच्या कुठे पळून जाणार नाहीत."

त्यांची ती पद्धतच होती. माझ्याआधी जी मुलगी वाचून गेली, तिच्याकडे डझनभर चुका असाव्यात. तिला त्यांनी फक्त एक सांगितली आणि ती चूक गेल्याशिवाय येऊ नकोस म्हणाल्या. चुकांची यादी हातात दिली की मूल यादीच सांभाळत बसतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे मी पुष्कळ परीक्षक पाहिले. लाल शाई खर्च करण्यात ज्यांना मोठेपणा वाटत नाही, असे फार थोडे.

आबा यायला तयार नव्हते. "मी काय करू तिथं? मला विचारलं काही तर?" आई म्हणाली, "मुलगी नापास झाली तर पलटणीची बेअब्रू, जा गुमान." आबांनी कोटाची बटणं राखेनं घासली आणि निघाले. बिर्लानगर ते दौलतगंज आम्ही दोघं चालत गेलो. जिन्यावर त्यांचे बूट इतके वाजले की खालचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला.

बाई उठून उभ्या राहिल्या. आबांना खुर्ची दिली. आबा बसेनात.

"आपण मुलीला इंग्रजी शिकवलंत," बाई म्हणाल्या.

"चुकलंच आमचं."

"चुकलं की नाही ते मग बघू. मला आधी हुकूम ऐकवा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि त्या एवढ्याशा खोलीत हुकूम दिला. तावदानं थरथरली. खालून कापडवाला ओरडला, "बहनजी! सब खैरियत?"

"खैरियत है, सेठजी!" बाई वरूनच म्हणाल्या. आणि आबांना, "उत्तम. शंभर घोड्यांसाठी हाच आवाज लागतो. आता मला सांगा, एका घोड्याशी कसं बोलायचात?"

"एका घोड्याशी?" आबा म्हणाले.

"म्हणजे रात्रभर चालून आलात, घोडी बिचकली आहे, पुढे पाणी आहे आणि ती उतरत नाही. तेव्हा तिच्यावर ओरडायचात?"

"छे हो!" आबा एकदम म्हणाले. "ओरडलं तर ती फेकून देईल."

"मग?"

सहा-सात वर्षांत घरात कुणी त्या घोडीचा विषय काढला नव्हता. आई काढू द्यायची नाही. आबा खुर्चीवर बसले, आपण होऊन. हात पुढे केला, जणू मानेवर ठेवला, आणि बोलायला लागले. पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं होतं. मग मराठी, हिंदी, मधेच एखादा इंग्रजी शब्द, असं काहीबाही. "चल राणी... पाणीच आहे, काय नाही... इझी, इझी... मी आहे ना वर... बघ, तळ लागतो..." आवाज खालचा, सलग. कुठे जोर द्यायचा तिथेच जोर, बाकी शब्द एकाला एक लागून वाहत होते. कुठलाही शब्द हरवत नव्हता, कुठलाही ओरडत नव्हता.

बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कधी वळल्या ते मला कळलंच नाही. आबा थांबले. आबांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मग बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ऐकलंस ना? इंग्रजी असं वाचायचं. तुझ्या घरात होतंच ते. तू पहिलं उचललंस, दुसरं राहून गेलं." आणि आबांना, "इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना मुलीला तीन भागांत पास करवलंत. माझ्याच्यानं झालं नसतं."

परतताना आम्ही बाड्यावरून आलो. तिथे आबांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही.

त्या दिवसापासून पडवीतली कवायत बदलली. आबा खाटेवर माझ्याकडे पाठ करून बसायचे. "मी घोडी आहे," ते म्हणायचे. "बिचकवलंस तर पळेन." मी खाटेच्या मागे बसून वाचायची. शेवट पाडला की आबा खरोखर उठून दोन पावलं दूर जायचे. चाची म्हणायची, "हाय राम, पहले फौज थी, अब तबेला हो गया." पण काही दिवसांनी चाचीही पोलकं शिवून घ्यायच्या निमित्तानं येऊन ऐकत बसायला लागली.

रविवारी बाई पाटी धरायच्या. सात शब्दांचे वीस झाले. मग अर्धी पाटी. एकदा मी हुशारी केली. एक उतारा पाठ करून गेले आणि घडाघडा म्हटला. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पाठ केलेलं मला नको. जा घरी." अर्ध्या रस्त्यातून मी रडत परत आले आणि माफी मागितली. तरी त्या दिवशी त्यांनी वाचू दिलं नाही. तो रविवार वाया गेला. तेव्हा मला तो दुष्टपणा वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडासा होताही. सहा रविवारांतला एक होता तो.

पाचव्या रविवारी बाई म्हणाल्या, "आज लवकर आटप. उद्या माझी परीक्षा आहे." मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. नव्या राज्यात जुन्या संस्थानी शाळांतल्या शिक्षकांचं इंग्रजी पुन्हा तपासायचं ठरलं होतं. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना बाकावर बसून व्याकरणाचा पेपर लिहायचा होता आणि कुणा परक्यासमोर मोठ्यानं वाचायचं होतं.

मी चिडून म्हणाले, "तुम्हाला कोण तपासणार?"

"का? मी रोज तुम्हाला तपासते ना? तपासणाऱ्यानं मधूनमधून त्या खुर्चीत बसावं. नाहीतर पाय कसे कापतात ते विसरायला होतं."

"तुमचे कापतात?"

"कालपासून," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी, शेवटच्या, त्या पास झाल्याचं मला त्यांच्याकडून नाही, खालच्या कापडवाल्याकडून कळलं. त्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. मी वाचलं. बाईंनी पाटी मागे धरली. काठोकाठ भरली होती. एक शब्द चुकीचा होता. मी दाखवला तर म्हणाल्या, "तो मी चुकले. वय झालं कानांचं."

परीक्षेला तीच खोली, तेच दोन परीक्षक. "बसा," म्हणाले. मी बसले. उतारा डोंगरातल्या एका पोस्टमनाचा होता. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्याला काय झालं कोण जाणे, जुन्या सवयीनं माझ्या टाचा खुर्चीखाली जुळल्या, आणि शेवटचा शब्द सुटला तो गोळीसारखा. दोघांनी वर पाहिलं. एकानं टाकदांडी घट्ट धरली.

मी थांबले. मग टाचा सोडवल्या. समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिथे आबांची पाठ आहे, कोटाचा उसवलेला खांदा आहे, असं धरलं. बिचकली आहे. पुढे पाणी आहे. मी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, खालच्या आवाजात, आणि पुढे वाचत गेले. पोस्टमन डोंगर चढला, वाटेत नाला लागला, तो उतरला, पलीकडे गेला. निम्म्यावर आलं तेव्हा टाकदांडी धरलेले परीक्षक मागे टेकून बसले होते. त्यांनी हातातला उताऱ्याचा कागद टेबलावर पालथा ठेवला होता. नुसतं ऐकत होते.

यादी कॉलेजच्या फळ्यावर लागली तेव्हा आबा माझ्याबरोबर आले. त्यांना ती वाचता येत नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, आपोआप ताठ झालेले. मी म्हणाले, "आबा, आहे."

आबांनी श्वास सोडला. मग अगदी हळू, घोडीशी बोलायचे त्याच आवाजात, मला म्हणाले, "स्टँड ॲट ईझ."

तिथून आम्ही आधी दौलतगंजात गेलो आणि मग घरी. मुकादमाला निरोप आबांनी स्वतः दिला. चार वर्षांनी इंग्रजी विषय घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली आणि पदवी घेऊन उतरलेली मी पहिली.